'सेट असाईड' म्हणजे काय?

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)



संयोजकांनी मला दिलेला विषय 'इंग्रजीची भीती कशी घालवावी' असा होता. मी बँकेत कारकून आहे, इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. बी.ए. झालो तोही मराठी विषय घेऊन. इंग्रजीची माझी स्वतःचीच भीती अजून पुरती गेलेली नाही. तेव्हा एवढ्या मोठ्या विषयाला हात घालण्याऐवजी एका लहानशा शब्दजोडीवर बोलण्याची परवानगी मी मागून घेतली. ती जोडी आहे 'सेट असाईड'. तुमच्यापैकी बहुतेकांना ती माहीत असेल. मलाही माहीत होती, आणि माहीत होती म्हणूनच माझा घात झाला. ते पुढे सांगतो.

'सेट' हे इंग्रजीतले अगदी छोटे क्रियापद आहे, पण ते दिसते तसे गरीब नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तीत सर्वांत लांबलचक नोंद या तीन अक्षरी शब्दाची होती. त्यातच त्याला शेपूट लागले की तो एकदम जात बदलतो. 'सेट अप' म्हणजे उभारणे, 'सेट इन' म्हणजे सुरू होऊन मुक्काम ठोकणे, जसा आपल्याकडे पावसाळा. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणे. पण हाच 'सेट ऑफ' आमच्या बँकेत आला की त्याचा अर्थ होतो, खातेदाराच्या ठेवीतून त्याच्या थकलेल्या कर्जाची रक्कम वळती करून घेणे. प्रवासाला निघतो तो खातेदाराचा पैसा, असे आम्ही थट्टेने म्हणतो. अशा जोड्यांना व्याकरणात 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. दोन्ही शब्दांचे वेगवेगळे अर्थ बेरीज करून जोडीचा अर्थ निघेलच अशी खात्री नसते.

'असाईड' म्हणजे बाजूला. इंग्रजी नाटकाच्या छापील प्रतीत कंसात हा शब्द दिसतो. तेथे पात्र इतरांना ऐकू जाऊ नये असे बाजूला तोंड करून बोलत असते. तेव्हा 'सेट असाईड' याचा सरळ अर्थ बाजूला ठेवणे. एवढ्यावर कोणीही समाधान मानील. मी मानले होते.

आता मराठीतले 'बाजूला ठेवणे' तरी काय आहे पहा. आमची आई सातगाव पठारावर बटाटा काढणीला मजुरीने जायची. सुट्टीत मीही जायचो. ढिगासमोर बसून निवड चाले. मालकीण म्हणायची, 'हे बाजूला काढ.' तिच्या हातात मोठा, निकोप बटाटा असेल तर तो घरासाठी राखून ठेवायचा असे. कुदळ लागलेला, सडका असेल तर तो फेकण्यासाठी. शब्द तेच, हाताची हालचाल तीच, पण ढीग दोन. चुकून सडका चांगल्याच्या ढिगात पडला तर चार दिवसांत सगळा ढीग नासायचा. आम्हा पोरांना कोणता ढीग ते विचारावे लागत नसे, कारण बटाटा डोळ्यांसमोर असे. इंग्रजी वाक्यात मात्र तो बटाटा शोधावा लागतो. काय बाजूला ठेवले आहे, हे आधी पाहायचे आणि मग क्रियापदाचा अर्थ लावायचा. आज मला सांगायचे आहे ते इतकेच. बाकी सारी उदाहरणे आहेत.

पहिला ढीग राखून ठेवण्याचा. पैसा, वेळ, जागा, जमीन, धान्य अशी हवीशी वस्तू 'सेट असाईड' केली म्हणजे ती एखाद्या कामासाठी वेगळी काढली. येथे समानार्थी शब्द 'रिझर्व्ह', 'इअरमार्क', 'पुट बाय', 'सेव्ह'. मराठीत राखणे, वेगळे काढणे, तरतूद करणे, गाठीला ठेवणे. प्रत्येक बँकेला आपल्याकडील ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, त्याला रोख राखीव प्रमाण म्हणतात. ते या अर्थाचे 'सेट असाईड'. 'इअरमार्क' हा शब्द तर मला फार आवडतो. गुराच्या, मेंढराच्या कानाला खूण करीत, हे आपले म्हणून, त्यावरून तो आला. आपले धनगर बांधव तो ऐकून हसतील.

या अर्थाचे सर्वांत जुने आणि चोख उदाहरण पाहायला इंग्लंडला जायला नको. जुन्नरच्या चारही बाजूंना शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा येथे दीडशेच्या वर लेणी आहेत. आपण वर्षावासात तेथे जातो, पायऱ्या चढतो, फोटो काढतो. भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे मात्र फार थोडे पाहतात. ही अक्षरे बहुतेक हिशेबाची आहेत. कोणी काय दिले याची ती नोंद आहे. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप दिला. यवन म्हणून स्वतःची ओळख सांगणारे दातेही त्यांत आहेत, आणि धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणीही आहे. जुन्नरच्याच लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो, तोही पैशाच्या संदर्भात. श्रेणी म्हणजे त्या काळातील धंद्याची संघटना. ती ठेवीही स्वीकारत असे. म्हणजे एका अर्थाने ती आमच्या धंद्यातली.

हा व्यवहार कसा चाले याचा संपूर्ण तपशील नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात आहे. मी बँकेत लागल्यावर तो वाचला आणि थक्क झालो. त्याने तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत द्यायची नाही, व्याज तेवढे वापरायचे. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. तुम्ही कागद घ्या आणि हिशेब करा. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडी इकडे नाही की तिकडे नाही. या ठेवीला लेखात 'अखयनिवि' म्हटले आहे, कधी न संपणारी ठेव. 'सेट असाईड' चा हा पहिला अर्थ याहून स्वच्छ मला कोणत्याही डिक्शनरीत सापडला नाही. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून मागे एकदा सभागृहाच्या रंगासाठी पैसे काढले गेले होते, तेव्हा मला या लेखाची आठवण झाली होती. असो.

दुसऱ्या ढिगाकडे जाण्यापूर्वी वाटेत एक लहान ढीग आहे. 'सेट असाईड डिफरन्सेस', मतभेद बाजूला ठेवणे. येथे राखणेही नाही आणि टाकणेही नाही. शब्दकोश 'डिसरिगार्ड', 'ओव्हरलुक', 'पुट असाईड' असे शब्द देतील. मतभेद मिटले असा याचा अर्थ होत नाही. आपल्या वार्षिक सभेत मतभेद बाजूला ठेवले जातात ते चपलांशेजारी. निघताना प्रत्येक जण आपापले घालून जातो. परीक्षेत या वाक्याला 'रिझॉल्व्ह' हा पर्याय दिलेला असेल तर तो चूक समजा.

आता दुसरा ढीग, कोर्टाचा. वरचे कोर्ट खालच्या कोर्टाचा हुकूम 'सेट असाईड' करते तेव्हा तो हुकूम कपाटात जपून ठेवत नाही. तो रद्द करते, निकामी करते. येथे समानार्थी शब्द 'अ‍ॅनल', 'क्वॉश', 'ओव्हरटर्न', 'रिव्हर्स'. मराठीत रद्दबातल ठरवणे, फिरवणे. त्यांतही बारकावे आहेत. 'क्वॉश' हा शब्द फौजदारी गुन्ह्याची नोंद किंवा सरकारी आदेश रद्द करताना अधिक दिसतो. 'सेट असाईड' दिवाणी निकालांत फार येतो. एखाद्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल आणि गैरहजेरीला सबळ कारण असेल, तर तो रद्द करून घेण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत तरतूद आहे. तेथेही हाच शब्द आहे.

मित्रहो, येथे मला माझी चूक सांगायची आहे. २००८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आंबेगाव तालुक्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ होते, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. मी त्यांना तात्या म्हणे. सव्वा एकराच्या तुकड्यावरून त्यांचा वाद चालू होता. तालुक्याच्या कोर्टात निकाल तात्यांच्या बाजूने लागला होता. समोरच्याने वर अपील केले. एके दिवशी भर गर्दीच्या वेळी तात्या काउंटरवर आले. छत्रीतले पाणी फरशीवर गळत होते. पोटाशी धरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी इंग्रजी कागद काढला आणि म्हणाले, 'बाळा, एवढं वाचून सांग. वकील म्हणतोय येऊन भेट, पण गाडीभाड्याला पैसे लागत्यात. काय वाईट नाही ना?'

मी शेवटचे पान काढले. तेथे 'अपील इज अलाउड' असे होते, आणि पुढे खालच्या कोर्टाचा निकाल व हुकूमनामा 'सेट असाईड' केला असे होते. मला 'सेट असाईड' म्हणजे 'रिझर्व्ह' एवढे पाठ होते. परीक्षेच्या तयारीत समानार्थी शब्दांच्या वहीत मीच ते लिहिले होते. आणि 'निकाल राखून ठेवला' हे शब्द तर आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. दोन्ही जुळले. मी म्हणालो, 'तात्या, अपिलाला परवानगी मिळालीय त्यांना, पण तुमचा निकाल कोर्टाने राखून ठेवलाय. अजून काही झालेले नाही. काळजी करू नका.' तात्यांनी कागद पुन्हा पिशवीत घातला. मागच्या रांगेतल्या माणसाला म्हणाले, 'आमच्या पोरानं वाचलं बरं का, बी.ए. झालाय.'

माझ्या त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. 'अपील अलाउड' म्हणजे अपील करण्याची परवानगी नव्हे, तर अपील मंजूर, म्हणजे अपील करणारा जिंकला. आणि 'सेट असाईड' म्हणजे तात्यांचा निकाल रद्द. 'निकाल राखून ठेवला' याचे इंग्रजी 'जजमेंट रिझर्व्ड' असे आहे. तेथे युक्तिवाद संपलेला असतो आणि निकाल पुढे यायचा असतो. म्हणजे पैशाच्या बाबतीत 'सेट असाईड' आणि 'रिझर्व्ह' हे सख्खे भाऊ, पण कोर्टाच्या दारात त्यांची एकमेकांशी ओळखही नाही. एकातला निकाल जन्माला यायचा आहे, दुसऱ्यातला मेलेला आहे.

तात्या वकिलाकडे गेले नाहीत. दिवाळी झाली. समोरच्याने तुकड्यात औत घातले तेव्हा कागद पुन्हा बाहेर निघाला. अशा निकालावर हायकोर्टात जायला मुदत कायद्याप्रमाणे नव्वद दिवस असतात. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यांतून वजा होतात. तरीही मुदत उलटून गेली होती. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण उशिराला सबळ कारण द्यावे लागते. वकिलांनी तात्यांना विचारले, एवढे दिवस काय करत होता? तात्यांनी माझे नाव सांगितले नाही. आपल्याला समजले नाही, एवढेच ते म्हणाले. हे मला नंतर त्यांच्या मुलाकडून कळले. पुढे अर्जाचा खर्च, हेलपाटे हे सारे पाहून त्यांनी समोरच्याशी तडजोड केली आणि निम्म्याहून कमी जमिनीवर समाधान मानले. वेळेत अपील झाले असते तर ते जिंकलेच असते असे मी म्हणू शकत नाही. हायकोर्टातले दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते. पण निर्णय कोर्टाने करायचा होता, माझ्या वहीने नव्हे. मी त्यांच्या घरी जाऊन पायांवर हात ठेवला. ते म्हणाले, 'तुला येत होतं तेवढं तू सांगितलंस.' ते आता नाहीत.

त्यानंतर मी कोर्टाच्या भाषेकडे जरा डोळे उघडून पाहू लागलो. त्यातून दिसले की कानाला बरा वाटणारा शब्द बरा असतोच असे नाही, आणि वाईट वाटणाराही तसाच. आपल्याला परिचित असलेलेच उदाहरण घ्या. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर १९२७ साली काही मंडळींनी तळे खाजगी असल्याचा दावा बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध लावला. तो वर हायकोर्टापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल झाला, तो 'अपील डिसमिस्ड', अपील फेटाळले. नुसता शब्द वाचला तर मन खट्टू होते. पण अपील कोणाचे होते? विरुद्ध बाजूचे. ते फेटाळले गेले म्हणजे खालचा निकाल कायम राहिला, 'सेट असाईड' झाला नाही, आणि बाबासाहेब जिंकले. तात्यांच्या कागदावर 'अलाउड' होते आणि ते हरले होते. कोणाचे अपील आणि कोणता हुकूम, हे पाहिल्याशिवाय शब्दाला चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही.

दोन्ही ढीग एकाच वाक्यात आलेलेही तुम्हांला भेटतील, आणि आपल्या मुलांना तर ते हमखास भेटतील. राखीव जागांना इंग्रजीत 'सीट्स सेट असाईड' असेही म्हणतात. पुणे करारात १९३२ साली प्रांतिक कायदेमंडळांतल्या १४८ जागा दलित वर्गांसाठी राखीव ठरल्या, तो पहिला अर्थ. आता मद्रास प्रांताचे पहा. तेथे सरकारी आदेशाने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या जागा जातवार वाटल्या होत्या. दर चौदा जागांत ब्राह्मणेतर हिंदूंना सहा, मागासलेल्या हिंदूंना दोन, ब्राह्मणांना दोन, हरिजनांना दोन, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना एक आणि मुसलमानांना एक. चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ मध्ये चौथे उपकलम आले, ज्याच्या आधारावर आज शिक्षणात राखीव जागा ठेवता येतात. आता हे इंग्रजी वळणाने सांगायचे तर, जागा 'सेट असाईड' करणारा आदेश कोर्टाने 'सेट असाईड' केला. पहिला 'सेट असाईड' जागांचा, म्हणून राखणे. दुसरा आदेशाचा, म्हणून रद्द करणे. मी हे वाक्य आमच्या पुतणीला घातले तेव्हा ती म्हणाली, काका, हे वाक्य वेडे आहे. वाक्य वेडे नाही. बटाटे दोन आहेत.

नोकरदारांसाठी आणखी एक. महाराष्ट्रातील पदोन्नतीच्या आरक्षणाचा २००४ सालचा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका सुशिक्षित कर्मचाऱ्याने इंग्रजी बातमीतला हा शब्द वाचून 'राखून ठेवलाय, अजून आशा आहे' असे मला फोनवर सांगितले होते. मी हसलो नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, समानार्थी शब्दांची वही करताना माझ्यासारखी करू नका. मी एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला शब्द लिहिला होता, मध्ये बरोबरचे चिन्ह. त्याऐवजी पूर्ण वाक्य लिहा. 'तिने फीसाठी पैसे सेट असाईड केले', 'कोर्टाने हुकूम सेट असाईड केला', 'त्यांनी भांडण सेट असाईड केले'. तिन्हींच्या खाली त्या-त्या वाक्यात घालून पाहता येईल असा दुसरा शब्द लिहा. घालून पाहा, वाचा, अर्थ तोच राहिला तर तो समानार्थी. बँकेच्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत शब्द बहुधा वाक्यात अधोरेखित करून विचारतात. पर्यायांत 'रिझर्व्ह' आणि 'कॅन्सल' दोन्ही दिलेले असतील. वाक्य न वाचता खूण करणारा निम्म्या वेळा चुकेल.

आणखी एक सोय आता आहे. दिवाणी आणि जिल्हा न्यायालयांत मराठीचा वापर पूर्वीपेक्षा वाढला आहे, पण इंग्रजी निकाल अजूनही येतात. काउंटरवर कोणी असा कागद घेऊन आले तर मी आजही तो वाचतो, नाही म्हणत नाही. पण अर्थ सांगण्यापूर्वी निकालाची तारीख कोऱ्या चिठ्ठीवर लिहून देतो आणि ती चिठ्ठी घेऊन याच आठवड्यात वकिलाला भेटा म्हणून सांगतो. गाडीभाड्याचे पैसे नसतील तर तेही विचारतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी आपल्या मंडळाच्या वाचनालयात बसतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेच्या नोटिसा, कोर्टाचे कागद, काहीही घेऊन या. कोर्टाचा कागद असेल तर त्याची सगळी पाने आणा, शेवटचे एकटे पान नको.